पाचातून सात गेले

किस्से कुणी मुद्दाम साठवायला जात नाही. गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ बसतं, तसे ते शिक्षकाच्या अंगावर बसतात. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षकांची महिन्याला बैठक असते. वरून आलेल्या सगळ्या सूचना ऐकून झाल्या, डबे उघडले, शेंगाचटणी इकडून तिकडं फिरली, की कुणीतरी विचारतंच, "बाई, तुमच्या शाळेचं काय नवीन?" मी म्हणते, "काही नाही." आणि मग भाकरी वाळून जाईस्तोवर माझं तोंड काही बंद होत नाही. आज तुम्ही समोर सापडलाय, तर तुम्हीपण ऐका.

आधी शाळा सांगते. नळदुर्गच्या पुढं, हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. झेडपीची शाळा, पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि दोन शिक्षक. एक मी. दुसरे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर. रिटायरमेंटला आलेले, शांत, आणि पाढे पाठ करून घेण्यावर त्यांचा फार विश्वास. माझा विश्वास पोरांच्या पायांवर. पोरांना बसवून गणित शिकवलं की ती पेंगतात, आणि खरं सांगायचं तर मलापण जांभया येतात. म्हणून माझं गणित अंगणात चालतं. उड्या, फासे, चेंडू, टाळ्या. आवाज होतो. लई होतो.

आणि तिथंच सगळा घोळ होता. शाळेच्या समोर सिद्राम आप्पांचं किराणा दुकान आहे. आप्पा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. ते आज ज्या डॉक्टरकडे गेले, उद्या सगळी गल्ली त्याच डॉक्टरकडे जाते. त्यांची दोन नातवंडं आमच्याकडे होती, गौरी चौथीत आणि बसू पहिलीत. आमचा पट एकवीस. वीसच्या खाली पट गेला की शाळा शेजारच्या गावाला जोडायची भाषा सुरू होते, हे आमच्याकडच्या शेळ्यांनासुद्धा माहीत आहे. आणि आप्पांनी दुकानाच्या पायरीवरून मला जाहीर सांगून टाकलं होतं, "बाई, ही शाळा हाय का सोनारीची जत्रा? दिवसभर पोरं नुसती नाचायलीत. दिवाळी झाली की आमची दोन्ही लेकरं मी नळदुर्गला इंग्लिश शाळेत घालणार."

एकवीसातून दोन गेले. हे गणित मला उड्या न मारतासुद्धा येत होतं.

माझी जीभ तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, "आप्पा, जत्रेत पोरं हरवतात. माझ्याकडं एकपण हरवत न्हाय." बोलून बसले, ताठ मानेनं वळले, आणि वर्गात आल्यावर हजेरीतली एकवीस नावं परत मोजली. कारण पोरं हरवत नाहीत ही गोष्ट खरी, पण ती नेली तर मी काय करणार होते?

*

अंगणात आम्ही चुन्यानं एक लांब रेघ मारलेली आहे आणि तिच्यावर शून्य ते वीस आकडे. बेरीज आली की पुढं उड्या, वजाबाकी आली की मागं. पहिलीच्या पोरांना पाटीवर "आठातून तीन" म्हटलं की चेहरे उतरतात. तेच रेघेवर म्हटलं की आठावर जाऊन उभी राहतात, तीन उड्या मागं मारतात, आणि उत्तर पायाखाली सापडतं.

एके दिवशी मी गणितं सांगत होते, तेवढ्यात शांताक्का आली. ही आमची खिचडी शिजवणारी बाई. डाळ संपत आलीय म्हणून सांगायला लागली. तिच्याकडं लक्ष देता देता मला "सातातून पाच" म्हणायचं होतं, ते निघून गेलं "पाचातून सात." पाळी बसूची होती.

मी वळून बघते तर बसू रेघेवर नाहीच. शून्य संपलं, रेघ संपली, आणि हा गडी त्याच्याही मागं, हात धुवायच्या नळाजवळ चिखलात उभा.

"बसू, तिकडं काय करायलास?"

"बाई, पाचातनं सात गेले."

"अरे, पाचातून सात जात नाहीत."

"गेले की. म्या मारल्या की उड्या."

"मग उत्तर किती आलं? तिथं तर आकडाच नाही."

बसूनं वाकून पायाखाली बघितलं. नुसता चिखल होता. मग मान वर करून शांतपणे म्हणाला, "आकडा न्हाय. पन मी हाय न्हवं हितं."

गुरुजी ओसरीवरून हे सगळं बघत होते. जवळ येऊन मला हळूच म्हणाले, "बाई, त्याला लवकर इकडं बोलवा. ते सहावीला असतं."

*

फासा आम्ही खोक्याचा केला होता. बसूनं आजोबांच्या दुकानातून साबणाचं रिकामं खोकं आणलं, मी त्याला पांढरा कागद चिकटवला आणि काळे ठिपके काढले. पोरांच्या गुडघ्याएवढा फासा. दोन गट करायचे, एकानं दोनदा फासा टाकायचा, दोन आकड्यांचा गुणाकार करायचा आणि तो आपल्या गटाच्या नावावर मांडायचा.

त्या दिवशी फासा सानियाच्या हातात होता. सानिया चौथीतली. तिच्या अब्बांचं हायवेवर ट्रकच्या पंक्चरचं दुकान आहे. ती आणि गौरी म्हणजे एका ताटात जेवणाऱ्या. सानियाचा पहिला फासा पडला पाच. आता सहा पडले की तिचा गट जिंकत होता. तिनं अंगातला सगळा जोर काढून फासा फेकला. तो पोरांच्या डोक्यावरून, गेटमधून, थेट रस्त्यावर गेला. आणि समोरून सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर.

ब्रेक लागले. माफी मागायला मी पळत गेले, तर ड्रायव्हर सीटवरून वाकून खाली बघत होता.

"बाई, सहा पडलेत."

सानियाचा गट नाचायला लागला. "पाच सक तीस, पाच सक तीस!"

ड्रायव्हरनं हात वर केला. "नाचू नगा. माझ्या टायरला लागून पडलेत. हे धरायचं न्हाय. परत टाका."

आता दुसरा गट नाचायला लागला. मला वाटलं हा निघेल, तर त्यानं ट्रॅक्टर बंदच केला आणि स्टिअरिंगवर कोपरं टेकून बसला. मागं एक जीप येऊन थांबली आणि हॉर्न मारायला लागली. तर हा मागं वळून ओरडला, "जरा दम धर, पोरींचा निकाल लागायलाय."

सानियानं परत फासा टाकला. पडला एक. ती रडकुंडीला आली. ड्रायव्हर ट्रॅक्टर सुरू करताना तिला म्हणाला, "वाईट वाटून घिऊ नगंस, बाय. पन नियम म्हंजी नियम." पुढं सोयाबीन संपेस्तोवर तो रोज गेटपाशी ट्रॅक्टर हळू करायचा आणि विचारायचा, "आज कोण फुडं हाय?"

हे सगळं समोरच्या पायरीवरून कोण बघत होतं, ते सांगायला नको. संध्याकाळी मी स्कूटी काढली तर आप्पा वाटच बघत होते.

"आता भर रस्त्यावर फासे टाकायलीत. बाई, जुगार शिकवताव का लेकरांना?"

मी म्हटलं, "शिकवते की. खोकं तुमच्याच दुकानातलं हाय, आप्पा."

त्या रात्री मला स्वतःचाच राग आला. गप्प बसता येत नाही म्हणजे काय?

*

आता गुरुजींचा सांगते. हा मला फार आवडतो.

आमच्याकडे टाळीचा एक खेळ आहे. गोल करून बसायचं आणि एकापासून ओळीनं आकडे म्हणायचे, प्रत्येकानं एक. पण तिनाच्या पाढ्यातला आकडा आला की तो म्हणायचा नाही, नुसती टाळी वाजवायची. जो चुकला तो बाद. बाद झालेल्यानं डाव संपेस्तोवर लिंबाखाली जाऊन गप बसायचं. हा नियम पोरांनी केलाय, आणि पोरांनी केलेले नियम सरकारी नियमांपेक्षा कडक असतात.

त्या दिवशी मला ट्रेनिंगला तालुक्याला जावं लागलं. चारी वर्ग गुरुजींच्या गळ्यात. दुपारी ट्रेनिंग लवकर सुटलं, म्हणून मी तशीच शाळेत आले. गेटपाशी माझी स्कूटी आणि आमच्या केंद्रप्रमुख साहेबांची मोटारसायकल एकदमच येऊन थांबल्या. साहेब अचानक भेटीला आले होते.

आत बघतो तर ओसरीवर पोरं गोल करून बसलेली, टाळ्या वाजतायत, आणि शिक्षक कुठंच नाही. गुरुजी एकटे लिंबाखाली मांडी घालून, हाताची घडी घालून बसलेले.

साहेबांचा चेहरा बदलला. "गुरुजी, वर्ग सोडून इथं झाडाखाली?"

गुरुजी गडबडीनं उठायला लागले, तर ओसरीवरून चार-पाच आवाज आले, "गुरुजी, उठायचं न्हाय!" गुरुजी परत बसले.

"साहेब, मी बाद झालोय."

"बाद? कशात?"

गुरुजींनी मान खाली घातली. "तिनाच्या पाढ्यात. सत्तावीसला टाळी वाजवायची राहिली."

साहेबांनी शेरेबुक मागवलं, पेन काढलं आणि म्हणाले, "आता तुम्हीच सांगा गुरुजी, काय लिहू?"

गुरुजी खालूनच म्हणाले, "लिहा, विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक."

एरवी कुरकुरणाऱ्या गुरुजींनी त्या दिवसापासून माझ्या वर्गाच्या आवाजाबद्दल तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा ते मोटारसायकल पुसत होते, तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, आणि मधेच फडकं खांद्यावर टाकून एक टाळी वाजवत होते.

*

म्हशीचा किस्सा सांगू नका असं शांताक्काचं म्हणणं आहे. पण ती इथं नाही.

लांबी मोजायची होती. पट्टी द्यायच्या आधी मी पोरांना वितीनं मोजायला लावते. फळा झाला, ओसरी झाली, गुरुजींची मोटारसायकल झाली. मग मी सांगितलं, "शाळेबाहेरची एखादी मोठी वस्तू मोजून या." मला वाटलं, पोरं भिंत नाहीतर पाण्याची टाकी मोजतील. शाळेच्या मागं शांताक्काचं घर, आणि घरापुढं तिची म्हैस बांधलेली. दिसायला मोठी वस्तू तीच.

अर्ध्या तासानं सगळी भांडत परत आली. प्रत्येकाची म्हैस वेगळी. बसूची सगळ्यात लांब, सानियाची सगळ्यात आखूड. बसू वैतागून म्हणाला, "बाई, सानियानं मोजली की म्हैस ल्हान होती."

मला हवं होतं ते नेमकं हेच. हात वेगळे म्हणून उत्तरं वेगळी, म्हणून सगळ्यांना एकच माप पाहिजे. मी खूश होऊन म्हटलं, "सानिया, तू परत एकदा मोजून ये बरं."

सानिया गेली आणि लगेच आली. "बाई, अर्ध्यापर्यंत झालं होतं. मग उत्तर उठून चालायला लागलं."

संध्याकाळी शांताक्का कमरेला पदर खोचून शाळेत आली. "बाई, तुमच्या लेकरांनी दुपारधरनं म्हशीला वीत-वीत गुदगुल्या केल्यात. ती आता धार दिईना." मी पोरांच्या वतीनं माफी मागितली. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "गनित शिकवायला माझी ना न्हाय. पन आदी धार, मग गनित."

दुसऱ्या दिवशी मी मोजायची टेप घेऊन गेले, तर म्हैस मला बघूनच मागं सरकायला लागली.

*

दसरा झाला आणि एक पिवळी व्हॅन गावात यायला लागली. आप्पांच्या दुकानापुढं थांबायची. ड्रायव्हर चहा प्यायचा, कुठल्या गल्लीत किती लेकरं आहेत ते विचारायचा. मी खिडकीतून बघायचे आणि माझं शिकवण्यावरचं लक्ष उडायचं. गुरुजी म्हणायचे, "बाई, जे हातात न्हाय त्याचा विचार करू नका." पण तेसुद्धा खिडकीशीच उभे असायचे.

त्याच दिवसांतली गोष्ट. आम्ही चेंडूचा खेळ खेळत होतो. गोल करून उभं राहायचं, चेंडू एकमेकांकडे टाकायचा, आणि झेलणाऱ्यानं दोनाच्या टप्प्यानं पुढचा आकडा म्हणायचा. दोन, चार, सहा, आठ. गौरीच्या घरी कन्नड बोलतात. ती लहान असल्यापासून मनात कन्नडमध्येच मोजते, म्हणून मी म्हटलं, "ज्याला ज्या भाषेत यायचं त्या भाषेत मोजा, चेंडू तेवढा खाली पाडू नका." त्याचा परिणाम असा झाला की गौरीनं सानियाला कन्नड आकडे शिकवले, सानियानं तिला आपल्या घरच्या दख्खनी बोलीतले, आणि दोघी मुद्दाम अदलाबदल करून म्हणायच्या. सानिया तर कन्नड अशा झोकात म्हणायची की विचारू नका.

तर सानियाकडं चेंडू आला. तिला एकटीनंच दहापर्यंत म्हणून दाखवायचं होतं. "एरडु, नाल्कु, आरु, हत्तु!"

रस्त्याच्या पलीकडून खणखणीत आवाज आला, "एंटु! अगं, आठ कुटं गेला?"

सगळा गोल वळून बघायला लागला. आप्पा गल्ल्यावरून अर्धे उठून उभे, एका हातात साखरेचं माप, आणि समोर गिऱ्हाईक म्हणून आमची शांताक्का.

मी म्हटलं, "आप्पा, ऐकायलाव व्हय आमचं गणित?"

"ऐकतंय कोण?" आप्पा फटकन खाली बसले. "कानावर पडायलंय."

शांताक्का म्हणाली, "आप्पा, पन साखर माज्या पायावर पडायलीय."

आम्ही लई हसलो. पोरं घरी गेल्यावर मी सामान आवरत होते, तर सानिया गेली नव्हती. चेंडू दोन्ही हातांत धरून उभी होती.

"बाई, गौरी दिवाळीनंतर जाणार का खरंच?"

"तिच्या आज्जानं ठरवलंय, बाळा."

"मग मी कन्नड कुणासंगं बोलू?"

मी तिच्या हातातून चेंडू घेतला, कपाटात ठेवला आणि कपाटाकडं तोंड करूनच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिला दिसू द्यायचं नव्हतं.

*

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळा उघडली. त्याच सकाळी आप्पा आले.

पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी, कपाळाला भस्म. एका बाजूला गौरी, एका बाजूला बसू. दोघांच्या पाठीवर नवीन दप्तरं. आप्पा गेटच्या आत पाच पावलं आले आणि थांबले. "बाई, दोघांचे दाखले काढा. व्हॅन यायच्या आत."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. मी फक्त "बरं" म्हटलं.

अंगणात पोरं जमली होती. सगळी हजर. एकोणीस. ती गौरीकडं बघत होती आणि गौरी जमिनीकडं. मला ते बघवेना. मी म्हटलं, "सानिया, पोरांना खेळव," आणि आत ऑफिसात गेले. गुरुजी दाखल्याचं पुस्तक उघडून बसले होते. इतक्या सावकाश लिहीत होते की मला वाटलं, पाढे लिहितायत का काय.

खिडकीतून अंगण दिसत होतं. सानियानं गटांचा खेळ लावला होता. सगळ्यांनी गोल पळायचं. एकानं आकडा सांगायचा आणि सांगणाऱ्यानंपण सगळ्यांत मिसळून पळायचं. आकडा आला की तेवढ्या जणांनी हात धरून गट करायचा. कुणी उरलं तर त्यांनी कुणालाही ओढून आणून आपला गट पुरा करावा, गुरुजींना, मला, शांताक्काला, रस्त्यानं जाणाऱ्याला, कुणालाही. बाकीच्यांनी दहा म्हणेस्तोवर गट पुरा झाला नाही, तर उरलेले बाद.

सानिया पळता पळता मान वळवून पोरं बघत होती. मनात मोजत असल्यासारखे ओठ हलत होते. मग ओरडली, "पाच!"

धावाधाव झाली. तीन गट झाले आणि चौथ्यात चौघं राहिली, सगळी पहिली-दुसरीची. "एक कमी, एक कमी!" म्हणून ती ओरडायला लागली. पोरं एक, दोन, तीन म्हणायला लागली. गौरीनं आप्पांकडं बघितलं.

आप्पा म्हणाले, "जा. दाखला हुईस्तोवर."

गौरीनं दप्तर आज्जाच्या हातात दिलं आणि पळत जाऊन गटात शिरली. परत गोल सुरू झाला. परत सानियाचे ओठ हलले.

"तीन!"

सहा गट झाले, दोघं उरले. परत, "एक कमी, एक कमी!" बसूनं तर आज्जाला विचारलंसुद्धा नाही. दप्तर तिथंच टाकलं आणि सुटला. आप्पांनी वाकून तेही उचललं. आता दोन खांद्यांवर दोन दप्तरं घेऊन ते एकटेच उभे होते.

गुरुजींचं पेन थांबलं होतं. आम्ही दोघं खिडकीशी आलो.

"दोन!"

भराभर जोड्या झाल्या. गौरी हात पुढं करून सानियाकडंच पळाली, दुसरीकडं कुठं जाणार? पण सानियानं तिच्या देखत बसूचा हात धरला आणि तोंड फिरवून उभी राहिली.

गौरी एकटी उरली. अंगणाच्या मधोमध, हात तसाच पुढं केलेला. पोरं जोरानं म्हणत होती, "चार, पाच, सहा." ती सानियाकडं बघत होती, आणि सानिया लिंबाच्या झाडाकडं. "सात." गौरीनं पुढं केलेला हात खाली घेतला. "आठ."

आप्पांनी दोन्ही दप्तरं खाली ठेवली. एका हातानं धोतर वर धरलं, दुसऱ्या हातानं टोपी, आणि पळाले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी भरभर चालतानासुद्धा बघितलं नव्हतं. "दहा" म्हणायच्या आत त्यांनी गौरीचा हात धरला.

बाहेर रस्त्यावर व्हॅनचा हॉर्न वाजला. परत वाजला. गुरुजींनी मला डोळ्यानं खुणावलं. मी लिहून झालेला एक दाखला हातात घेतला आणि अंगणात गेले. जड पायानं गेले, खोटं कशाला सांगू?

"आप्पा, एक दाखला झालाय. दुसरा होतोच आहे. व्हॅनपण आलीय."

आप्पांना धाप लागली होती. टोपी वाकडी झाली होती. गौरीचा हात घट्ट धरून ते सानियाच्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

"बाई, जरा गप बसा. तिला आकडा सांगू द्या."